योग्य ती माहिती गृहीत धरा

आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या प्रश्नपत्रिकेवर प्रश्न सुरू होण्याआधी चार-पाच सूचना छापलेल्या असतात. किती प्रश्न सोडवायचे, आकृत्या नीटनेटक्या काढा, गणकयंत्र वापरता येईल वगैरे. त्यांत बहुधा एक सूचना अशी असते: आवश्यक तेथे योग्य ती माहिती गृहीत धरा. विद्यार्थी ती वाचत नाहीत. वाचलीच तर तिचा अर्थ असा लावतात की, पेपर काढणाऱ्याकडून एखादा आकडा द्यायचा राहिला असेल तर आपण काहीतरी घालावे आणि पुढे जावे. माझ्या मते रासायनिक अभियांत्रिकीच्या चार वर्षांत जे शिकायचे असते त्याचे सार या एका ओळीत आहे, आणि नेमके तेच शिकवायचे राहून जाते.

हा विषय शाळेतल्या शिक्षकांपुढे मांडण्याचे कारण साधे आहे. बारावीच्या निकालानंतर विद्यार्थी आपल्याकडेच येतात. ‘सर, मला रसायनशास्त्र आवडते, केमिकलला जाऊ का?’ हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. आपण म्हणतो, जा. (मुलीने विचारले तर ‘कारखान्यात वास फार येतात हो’ अशी पुस्तीही काहीजण जोडतात. ती जोडू नये.) पुढे दुसऱ्या वर्षात तो विद्यार्थी भेटतो तेव्हा थोडा खट्टू असतो. कारण ज्या रसायनशास्त्रावर त्याचे प्रेम होते ते पहिल्या वर्ष-दीड वर्षात संपलेले असते आणि त्याच्या पुढ्यात नळातून वाहणारे पाणी, भिंतीतून जाणारी उष्णता, वाफेचे तक्ते आणि अवकल समीकरणे येऊन पडलेली असतात.

यात फसवणूक कोणीच केलेली नसते. दोन पदार्थ मिसळले की तिसरा तयार होतो हे रसायनशास्त्रज्ञ चंबूत दाखवून देतो. तोच पदार्थ तासाला एक टन करायचा तर कच्चा माल किती घालायचा, निघणारी उष्णता कुठे न्यायची, हवे ते नको त्यापासून वेगळे कसे काढायचे आणि उरलेल्याचे काय करायचे, हे प्रश्न अभियंत्याचे. म्हणजे थोडे रसायनशास्त्र, बरेचसे भौतिकशास्त्र, त्याहून अधिक गणित आणि या सर्वांच्या मुळाशी वाण्याच्या वहीसारखा जमाखर्च: आत किती आले, बाहेर किती गेले, आत किती राहिले.

हे एक स्वतंत्र शास्त्र आहे असे म्हणायला सुरुवात झाली ती इंग्लंडमध्ये. जॉर्ज डेव्हिस यांनी १८८७ साली मँचेस्टरला या विषयावर व्याख्याने दिली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशिक्षण संस्थेत, म्हणजे एमआयटीत, त्याचा अभ्यासक्रम सुरू झाला. १९१५ साली आर्थर लिटल यांनी मांडलेल्या विचाराने त्याला आकार दिला. साखर, साबण, पेट्रोल, कागद यांचे कारखाने वरवर कितीही वेगळे दिसले तरी आत त्याच त्या क्रिया चालतात: तापवणे, आटवणे, गाळणे, वाळवणे, ऊर्ध्वपातन. या ‘एकक क्रिया’ एकदा शिकल्या की कोणत्याही कारखान्यात जाता येते. आपल्याकडे मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ साली आणि नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था १९४२ साली सुरू झाली. आज ही पदवी देणारी महाविद्यालये राज्यभर आहेत.

या शिक्षणाचे परीक्षण करायचे तर अभ्यासक्रमाच्या याद्या वाचून फारसे हाती लागत नाही. सर्व विद्यापीठांच्या याद्या भावंडांसारख्या दिसतात. पुस्तके पाहावी लागतात, आणि पुस्तकांतही प्रकरणांपेक्षा प्रकरणांच्या शेवटी दिलेली गणिते. विद्यार्थी काय शिकतो ते तिथे ठरते. गेल्या साठ वर्षांत जगभरच्या आणि आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या हातातून गेलेली तीन पुस्तके मी त्यासाठी निवडली आहेत.

मनोरे आणि पायऱ्या

पहिले पुस्तक मॅककेब आणि स्मिथ यांचे ‘युनिट ऑपरेशन्स ऑफ केमिकल इंजिनिअरिंग’. १९५६ साली ते निघाले, १९८५ च्या चौथ्या आवृत्तीपासून हॅरियट हे तिसरे लेखक त्यात आले, आणि आजही वसतिगृहाच्या टेबलावर त्याची जाडजूड प्रत दिसते. हे पुस्तक चांगल्या शिक्षकासारखे आहे. घाई करत नाही, पंप कसा दिसतो ते चित्र काढून दाखवते, मग सूत्राकडे वळते.

त्यातला सर्वांत देखणा भाग ऊर्ध्वपातनाचा. चेंबूरहून माहुलकडे जाताना तेलशुद्धीकरण कारखान्यांचे जे उंच मनोरे दिसतात त्यांच्या आत एकावर एक तबके असतात. खालून वाफ वर चढते, वरून द्रव खाली उतरतो, प्रत्येक तबकावर दोघांची गाठ पडते आणि दर गाठीत हलका पदार्थ थोडा वर, जड थोडा खाली सरकतो. हवी ती शुद्धता मिळवायला अशी किती तबके लागतील? १९२५ साली मॅककेब आणि थीले यांनी यासाठी एक आलेख सुचवला. आलेखाच्या कागदावर एक वक्ररेषा, एक कर्ण आणि दोन सरळ रेषा काढायच्या. मग वक्र आणि सरळ रेषांच्या मधून जिन्यासारख्या पायऱ्या काढत उतरायचे. जितक्या पायऱ्या तितकी तबके. दहावीतला चुणचुणीत विद्यार्थीही एका तासात ही रीत शिकेल. इतका अवघड प्रश्न इतक्या सोप्या चित्रात बसवणे ही मोठी बुद्धिमत्ता आहे.

पण त्या सरळ रेषा सरळ का, हे विचारले की वर्गात शांतता पसरते. रेषा सरळ असतात कारण एक गोष्ट गृहीत धरलेली असते: एक मोल वाफ द्रवरूप होताना जी उष्णता सोडते तिच्यावर बरोबर एक मोल द्रवाची वाफ होते. दोन्ही पदार्थांचा मोलमागे अप्रकट उष्मा जवळपास सारखा असेल तर हे चालते. बेंझीनचा तो सुमारे ३०.७ किलोज्यूल आणि टोल्युइनचा ३३.२ किलोज्यूल आहे. छान. ॲसिटोन आणि पाणी घेतले तर हेच आकडे साधारण २९ आणि ४०.७ होतात. तिथे सरळ रेषा ओढणे म्हणजे स्वतःला फसवणे. पुस्तक हे सांगते. परीक्षा मात्र ते विचारत नाही, कारण परीक्षेत बेंझीन-टोल्युइनच येते. आमच्या पदवीची ती सत्यनारायणाची कथा झाली आहे. कथा तीच आणि प्रसादही ठरलेला.

त्या गणितात काय काय दिलेले असते तेही पाहावे. येणाऱ्या मिश्रणात बेंझीन किती, वर किती शुद्ध हवे, खाली किती राहू द्यायचे, वरून किती द्रव परत सोडायचा, वक्ररेषेचे बिंदू, सगळे दिलेले. एकही आकडा कमी नाही आणि जास्तही नाही. विद्यार्थ्याला हळूहळू कळते की, दिलेले सर्व आकडे वापरून झाले म्हणजे गणित सुटले. कारखान्यात असे ताट वाढून मिळत नाही. शुद्धता ९५ टक्के ठेवायची की ९९, हे गिऱ्हाईक आणि खर्च ठरवतात. परत किती द्रव सोडायचा हा तर वाफेचे बिल आणि मनोऱ्याची उंची यांच्यातला सौदा आहे. अभियंत्याचे काम ज्या आकड्यांपासून सुरू होते तेच आकडे आपण त्याला चार वर्षे आयते देत असतो.

आणखी एक उदाहरण घेऊ. परदेशी पुस्तकांतल्या गणितात थंड करायला वापरलेले पाणी बहुधा पंधरा-वीस अंश सेल्सिअसचे असते. आपल्याकडचा विद्यार्थी तो आकडा डोळे मिटून उचलतो. आता डायक्लोरोमिथेन हा औषधांच्या कारखान्यांत सर्रास वापरला जाणारा द्रावक घ्या. तो ४० अंशांच्या आसपास उकळतो. त्याची वाफ १५ अंशांच्या पाण्याने थंड करायची तर तापमानांतला फरक २५ अंश. कोकणातल्या एखाद्या कारखान्यात मे-जून महिन्यात शीतक मनोऱ्यातून येणारे पाणी ३० अंशांच्या खाली जात नाही, कारण हवेतली आर्द्रता पाण्याला त्याहून फारसे थंड होऊच देत नाही. फरक उरला १० अंश. तितकीच वाफ थंड करायला आता अडीचपट पृष्ठभाग लागेल. पुस्तकातल्या आकड्यावर बांधलेले उपकरण इथे अर्ध्याहून अधिक वाफ तशीच सोडून देईल, आणि ती तिथे उभ्या असलेल्या कामगाराच्या छातीत जाईल. म्हणून असे कारखाने यंत्राने थंड केलेले पाणी किंवा मिठवणी वापरतात. यात कठीण गणित कुठेच नाही. फक्त ‘पाणी किती अंशांचे?’ हा प्रश्न विचारला जायला हवा.

गुऱ्हाळातले गणित

आकडे दिलेच नाहीत तर गणित कसे दिसेल? आपल्या ओळखीचे ठिकाण घेऊ. गुऱ्हाळात काहिलीत १००० किलो उसाचा रस ओतला आहे. खाली चुलवाण पेटले आहे. प्रश्न एवढाच: ज्या उसाचा हा रस, त्याच उसाच्या चिपाडांवर त्याचा गूळ होईल का, की बाहेरून लाकूड आणावे लागेल?

बाकी सर्व आपणच गृहीत धरायचे आहे. रसात विरघळलेला घनपदार्थ किती? गोड ऊस असेल तर शंभरात सुमारे १८. म्हणजे आपल्या काहिलीत १८० किलो. मळी काढताना थोडे जाते, ते सोडून देऊ. गुळात पाणी किती राहते? पाच टक्के धरू. मग गूळ होईल १८० भागिले ०.९५, म्हणजे साधारण १९० किलो, आणि उडून जाणारे पाणी ८१० किलो. जमाखर्चाचा पहिला भाग झाला.

आता उष्णता. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २२६० किलोज्यूल लागतात. ८१० किलोला १८ लाखांच्या थोडे वर. रस ३० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला आणखी पावणेतीन लाखांच्या आत-बाहेर. मिळून २१ लाख किलोज्यूल. शेवटी शेवटी पाक शंभराच्या बराच वर जातो, पण तोवर काहिलीत पाणी थोडेच उरलेले असते, म्हणून ते धरले नाही.

आता चिपाडे. गुऱ्हाळाच्या चरकातून शंभर किलो उसाचा साठ-पासष्ट किलो रस निघतो. म्हणजे १००० किलो रसासाठी १६०० किलो ऊस लागला आणि मागे ६०० किलो ओली चिपाडे राहिली. त्यांत निम्मे पाणी. उन्हात वाळवली की ३३० किलो उरतील. वाळलेल्या चिपाडाच्या एका किलोतून सुमारे १५,००० किलोज्यूल मिळतात असे धरले तर एकूण ५० लाखांच्या जवळपास. गरज २१ लाखांची आणि हाताशी ५० लाख! म्हणजे भागायला हवे. पण भागेल केव्हा? चुलवाणातल्या उष्णतेपैकी पाचात दोन भाग तरी काहिलीच्या तळाला पोचले तरच. उरलेले धुराड्यातून आणि भिंतींतून गेले तरी चालेल.

प्रश्न आता किती बदलला पाहा. सुरुवातीला तो ‘पुरेल का?’ असा होता, आता ‘चुलवाण कसे बांधले आहे?’ असा झाला. काही गुऱ्हाळांत चिपाडे शिल्लक राहतात आणि काहींना बाहेरचे जळण घालावे लागते, ते का, याचा धागा हाती आला. पावसाने चिपाडे भिजली की काय होते तेही याच हिशेबातून निघते. आणि आपण धरलेले आकडे अगदीच हवेतले नाहीत ना, हे तपासायलाही वाट आहे. आपल्या हिशेबाने १६०० किलो उसाचा १९० किलो गूळ होतो, म्हणजे टनाला ११९ किलो. गुळव्याला विचारा. तो शंभर ते एकशेवीस किलोंच्या दरम्यान काहीतरी सांगेल. मळीत गेलेला भाग आपण सोडून दिला होता, त्यामुळे आपला आकडा वरच्या टोकाला असणे साहजिकच आहे.

काहिलीतून ८१० किलो वाफ आकाशात जाते आणि बरोबर १८ लाख किलोज्यूल घेऊन जाते, हे ज्याला खटकेल तो अभियंता होण्याच्या वाटेवर आहे. नॉर्बर्ट रिलिए यांना ते खटकले होते. १८०६ साली न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलेला, आईकडून आफ्रिकी वंशाचा, पॅरिसमध्ये शिकलेला हा माणूस. त्या काळी लुइझियानात गुलामांकडून उघड्या काहिलींत रस आटवला जात असे. एका भांड्यातली वाफ दुसऱ्या भांड्याखाली न्यायची आणि दुसऱ्यातला दाब कमी ठेवायचा, म्हणजे तिथला रस कमी तापमानाला उकळतो आणि तीच वाफ पुन्हा कामी येते, ही रिलिए यांची युक्ती. तिचे पहिले पेटंट १८४३ चे. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्यानंतर महाराष्ट्रात जे शेकडो कारखाने उभे राहिले ते याच तत्त्वावर रस आटवतात. चार भांडी ओळीने असतील तर एक किलो वाफेवर तीन किलोंहून अधिक पाणी उडते. आमच्या वर्गात ही भांडी दोन तासिकांत फळ्यावर आली आणि गेली. रिलिए यांचे नाव कोणी घेतले नाही, आणि महाविद्यालयाच्या मागच्याच शिवारात चालणाऱ्या गुऱ्हाळात आम्हांला कोणी नेले नाही.

उदबत्तीचा वास

दुसरे पुस्तक बर्ड, स्टुअर्ट आणि लाइटफूट यांचे ‘ट्रान्सपोर्ट फिनॉमिना’, १९६० सालचे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या तिघा प्राध्यापकांनी लिहिलेल्या या पुस्तकाची पहिली आवृत्ती जवळजवळ चाळीस वर्षे तशीच चालली. (तिच्या प्रस्तावनेतल्या वाक्यांची आद्याक्षरे ओळीने वाचली तर ते आपले ज्येष्ठ सहकारी हौगेन यांना पुस्तक अर्पण करत असल्याचे वाक्य तयार होते. इतक्या गंभीर पुस्तकात ही गंमत बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.) मॅककेब-स्मिथ यंत्रे दाखवते, तर हे पुस्तक यंत्रांच्या मागे जाते. मध ओघळतो, चमचा तापतो, साखर न ढवळताही पाण्यात पसरते. या तीन घटनांच्या मुळाशी एकाच घडणीचा नियम आहे: जिथे जास्त तिथून जिथे कमी तिकडे, आणि फरक जितका तीव्र तितक्या वेगाने. संवेग, उष्णता आणि वस्तुमान यांच्या वहनाला एकाच चौकटीत बसवून या पुस्तकाने अभियांत्रिकीला विज्ञानाची प्रतिष्ठा दिली.

आपण शाळेत विसरण शिकवताना काय करतो? वर्गाच्या कोपऱ्यात उदबत्ती लावतो. वास शेवटच्या बाकापर्यंत गेला की म्हणतो, हे पाहा रेणूंचे विसरण. बर्ड-स्टुअर्ट-लाइटफूट वाचलेल्याने इथे थांबायला हवे. हवेत अशा बाष्पाचा विसरणांक दर सेकंदाला ०.१ चौरस सेंटिमीटरच्या आसपास असतो. विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तीन मीटर म्हणजे ३०० सेंटिमीटर, त्याचा वर्ग ९०,०००, भागिले ०.१, म्हणजे नऊ लाख सेकंद. निम्मे धरा हवे तर. तरीही पाच दिवस होतात! वास मिनिटभरात पोचतो तो हवेच्या झुळकांवर बसून. केवळ विसरणाने यायचा तर शुक्रवारी लावलेल्या उदबत्तीचा वास मधल्या बाकांवर बुधवारी आला असता. विसरण खरे आहे, पण ते मिलिमीटर-सेंटिमीटरच्या अंतरात राज्य करते. म्हणून तर कारखान्यात ढवळावे लागते, बुडबुडे बारीक करावे लागतात.

या पुस्तकाची खरी देणगी ही आहे: कोणती क्रिया कोणत्या अंतरावर आणि किती वेळात महत्त्वाची, याचा अंदाज. पण वर्गात पोचते ते समीकरणच. पातळ थर कल्पा, आत-बाहेर लिहा, अवकलन करा, सीमेवरच्या अटी घाला, संकलन करा. ‘प्रवाह संथ आणि स्थिर आहे, घनता बदलत नाही’ हे शब्द गणिताच्या पहिल्याच ओळीत दिलेले असतात. ते खरे आहे की नाही हे ठरवण्याची वेळ विद्यार्थ्यावर येतच नाही. पुस्तक श्रेष्ठ, शिकवणे कोरडे, अशी ही जोडी आहे. पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी ते जड आहे अशी तक्रार नेहमी होते. मला ती पटत नाही. आधी उदबत्ती आणि मग समीकरण, असा क्रम लावला तर ते जड राहणार नाही.

तिसरे पुस्तक ऑक्टेव्ह लेव्हनस्पील यांचे ‘केमिकल रिॲक्शन इंजिनिअरिंग’ (१९६२), आणि ते माझे लाडके. या माणसाला गोष्टी सांगता येतात. एका गणितात एक जुगारी आहे. तो नेहमी हातातल्या पैशाच्या ठरावीक प्रमाणात पैसे लावतो. एका खेळात चार तासांत त्याचे निम्मे पैसे जातात, दुसऱ्यात दोन तासांत. हजार डॉलर घेऊन तो दोन्ही खेळ एकदम खेळू लागला, तर दहा डॉलर उरेपर्यंत किती वेळ खेळेल? यात रसायन एकही नाही, पण हे पहिल्या कोटीच्या दोन समांतर अभिक्रियांचे गणित आहे. लॉगरिदम न वापरता शाळेतही ते सोडवता येईल. चार तासांत पहिला खेळ पैसे एकदा निम्मे करतो आणि दुसरा दोनदा, मिळून तीनदा. हजाराचे दहा, म्हणजे शंभराने भागायचे. सहा वेळा निम्मे केले की चौसष्टावा भाग, सात वेळा केले की एकशेअठ्ठाविसावा. म्हणजे साडेसहाच्या थोडे पुढे. उत्तर येते नऊ तासांना आठ मिनिटे कमी. मोडणाऱ्या रेणूंची संख्या दर क्षणी उरलेल्या रेणूंच्या प्रमाणात असते, ही कल्पना या जुगाऱ्यामुळे जशी डोक्यात बसते तशी सूत्राने बसत नाही.

तरी या लाडक्या पुस्तकातही पहिली बरीच प्रकरणे तापमान स्थिर धरून चालतात. शिकवण्याच्या सोयीसाठी ते ठीक आहे. तापमानाचे प्रकरण पुढे येते, पण सत्र संपत आलेले असते आणि ते घाईघाईत उरकले जाते. चंबू आणि कारखाना यांतला जीवघेणा फरक तर तिथेच आहे. एक लिटरच्या चंबूत चाललेली, उष्णता बाहेर टाकणारी अभिक्रिया त्याच आकाराच्या हजार लिटरच्या टाकीत नेली की आकारमान हजारपट होते, पण पृष्ठभाग शंभरपटच वाढतो. उष्णता हजारपट निर्माण होते आणि बाहेर जायला दारे शंभरपटच. त्यात तापमान दहा अंशांनी वाढले की अनेक अभिक्रियांचा वेग दुप्पट होतो. टाकी तापते म्हणून अभिक्रिया वेगाने होते, अभिक्रिया वेगाने होते म्हणून टाकी आणखी तापते.

भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले आणि हेच घडले. टाकीत सुमारे चाळीस टन द्रव होता. तो थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपूर्वीच बंद केलेली होती. निसटलेला वायू धुऊन काढणारा मनोरा आणि जाळून टाकणारी ज्योत या दोन्हींनी त्या रात्री वायू अडवला नाही. हजारो माणसे मेली. चौकश्यांमधून यंत्रणांविषयी पुष्कळ लिहिले गेले. पण त्याआधीचा एक प्रश्न आहे: मधल्या टप्प्यावर तयार होणारा आणि लगेच वापरून संपवता येण्यासारखा इतका विषारी पदार्थ चाळीस टन साठवायचाच कशाला? ब्रिटनमधले सुरक्षातज्ज्ञ ट्रेव्हर क्लेट्झ हा मुद्दा १९७८ पासून, म्हणजे भोपाळच्या सहा वर्षे आधीपासून, मांडत होते: जे कारखान्यात साठवलेलेच नाही ते गळणार कुठून?

हा प्रश्न मॅककेब-थीले पद्धतीच्या प्रत्येक गणितात विचारता येतो. पंधरा तबके निघाली, ठीक. त्या पंधरा तबकांवर आणि खालच्या भांड्यात मिळून या क्षणी किती टन बेंझीन उभे आहे? वीज गेली, थंड पाणी थांबले, तर ते कुठे जाईल? असा प्रश्न मी विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत अजून पाहिलेला नाही. सुरक्षितता हा बहुतेक ठिकाणी तिसऱ्या-चौथ्या वर्षातला एक वेगळा विषय असतो. त्यात कायदे आणि व्याख्या असतात आणि तो पाठांतराने सुटतो. २६ मे २०१६ रोजी डोंबिवलीतल्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, बारा माणसे गेली, आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या. अशा बातम्या वाचताना मला त्या वेगळ्या कप्प्यातल्या विषयाची आठवण येते.

पुस्तके बदलून हे सुधारेल असे मला वाटत नाही. तिन्ही पुस्तके उत्तम आहेत. त्यांतल्या गणितांतले दोन आकडे खोडून आणि एक अनावश्यक आकडा घालून तीच गणिते द्यावीत, आणि काय धरले व का धरले याला निम्मे गुण ठेवावेत, एवढ्याने पुष्कळ फरक पडेल. तपासायला त्रास होईल हे मान्य आहे. उत्तरे तीस प्रकारची येतील आणि त्यांतली वीस बरोबर असतील.

शाळेत तर गुणांचीही अडचण नाही. ‘केमिकलला जाऊ का?’ असे विचारत कोणी आले तर त्याला एक प्रश्न घाला: आपल्या गावाच्या टाकीत रोज किती टीसीएल पावडर टाकायला हवी? आकडे देऊ नका. गावाची वस्ती दोन हजार धरली, माणशी ५५ लिटर पाणी धरले, लिटरला दोन मिलिग्रॅम क्लोरीन धरला, तर २२० ग्रॅम क्लोरीन लागतो. ताज्या पावडरीत तो ३३ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे सुमारे ६७० ग्रॅम पावडर झाली. ग्रामपंचायतीच्या खोलीत सहा महिने तोंड उघडे पडलेल्या पोत्यात तो २० टक्केच उरला असेल तर ११०० ग्रॅम. पोते कधी आणले, हे विचारायला तो मुलगा किंवा ती मुलगी ग्रामपंचायतीत जाते, की ‘सर, आकडे द्या ना’ म्हणत बसून राहते, ते पाहा आणि मग त्यांच्या प्रश्नाचे उत्तर द्या.